लिनक्स हँग होतं तेव्हा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची अपडेट्स थांबली. विंडोज ११ जुन्या यंत्रांना बसत नाही, म्हणून अनेकांनी चार जीबी रॅमच्या संगणकांवर लिनक्स टाकलं. सुरुवातीला सगळं सुरळीत चालतं. मग एके दिवशी ब्राउझरचे दहा-बारा टॅब उघडे असताना माउसचा बाण जागीच थांबतो, गाणं अडखळतं, आणि हार्ड डिस्कचा दिवा मात्र अखंड पेटलेला राहतो. घरातले म्हणतात, ‘गेला कॉम्प्युटर.’ पण बहुतेक वेळा तो गेलेला नसतो.

तो दिवा नीट बघा. तो सतत जळत असेल, तर संशय आधी रॅमवर घ्यावा. रॅम भरत आली की लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, जागा करायला लागतो. चालू प्रोग्रॅमच्या कोडची मूळ प्रत डिस्कवर असतेच, म्हणून तो कोड रॅममधून खुशाल टाकून दिला जातो. पण पुढच्याच क्षणी त्याच प्रोग्रॅमला तो परत हवा असतो. ओटा लहान असला की एक भांडं ठेवायला दुसरं उतरवावं लागतं आणि लगेच तेच पुन्हा वर घ्यावं लागतं, तशी ही गत. फिरत्या डिस्कवरून एक तुकडा आणायला काही मिलिसेकंद लागतात आणि रॅमला नॅनोसेकंद, म्हणून सगळं यंत्र या उचल-ठेवीतच अडकतं. याला थ्रॅशिंग म्हणतात. ‘स्वॅप बंद करा, हँग होणार नाही’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. स्वॅप म्हणजे रॅममधला डेटा तात्पुरता हलवायची डिस्कवरची जागा. ती नसली की प्रोग्रॅमचा डेटा कुठे हलवता येत नाही, मग कोडवरच आणखी गदा येते.

अशा वेळी एखादा प्रोग्रॅम मारून वाट मोकळी करायला कर्नलमध्ये ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर असतो. पण थोडी थोडी जागा मिळत राहिली की कर्नलला काम पुढे सरकतंय असं वाटतं, आणि किलर जागाच होत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कर्नल विकासकांपुढे याच दुखण्याची जाहीर तक्रार आली: चार जीबी रॅम ठेवा, स्वॅप बंद करा, टॅब उघडत जा आणि काय होतं ते बघा. स्वस्त यंत्रावर काम करणाऱ्यांची ही रोजची अडचण इतकी वर्षं दुय्यम मानली गेली, याचं मला वाईट वाटतं. त्यानंतर मात्र हालचाल झाली. फेडोरा या लिनक्स वितरणाने २०२० मध्ये आधी अर्लीओओएम आणि मग झेडरॅम मुळातच चालू करून दिलं. डिसेंबर २०२२ च्या ६.१ कर्नलमध्ये कुठली पानं, म्हणजे मेमरीचे तुकडे, रॅममधून काढायची हे ठरवण्याची नवी पद्धतही आली.

जुन्या यंत्रावर मी झेडरॅम आणि अर्लीओओएम या दोन गोष्टी सगळ्यात आधी बसवीन. झेडरॅम रॅमच्याच एका भागात स्वॅप तयार करतो. फारसा न लागणारा डेटा तिथे दाबून ठेवला जातो आणि बहुधा निम्म्याहून कमी जागेत मावतो. डिस्कपर्यंत जावंच लागत नाही. सोबत कर्नल स्वॅपकडे किती झुकतो ते ठरवणारा ‘स्वॅपिनेस’ ६० वरून १०० च्या पुढे न्यावा. अर्लीओओएम उपलब्ध रॅम आणि मोकळा स्वॅप दोन्ही १० टक्क्यांखाली गेले की सगळ्यात जड प्रोग्रॅमला बंद व्हायला सांगतो. एखादा टॅब जातो खरा, पण लिहीत असलेलं पत्र वाचतं.

हँग झालंच, तर पॉवरचं बटण दाबून धरण्याआधी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. काळा पडदा आला तर लॉगिन करून ‘टॉप’मध्ये जड प्रोग्रॅम शोधून मारता येतो. तसं जमलं नाही आणि यंत्र बंद करूनच चालू करावं लागलं, तर ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ने मागच्या वेळच्या नोंदी वाचा. त्यात ‘आउट ऑफ मेमरी’ नसलं म्हणून रॅम निर्दोष ठरत नाही, कारण किलर उठलाच नसेल.

दिवा विझलेला असेल आणि काहीच हलत नसेल, तर शोध वेगळा. सेलेरॉन जे१९०० सारखे बे ट्रेल प्रोसेसर जुन्या कर्नलवर खोल झोपेत गेले की उठतच नसत, ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१’ हा बूट पर्याय दिला की ते थांबे. ग्राफिक्सचा ड्रायव्हर आणि खराब रॅमही तपासावी. रॅमसाठी मेमटेस्ट रात्रभर चालू ठेवावा.

दोन जीबीच्या यंत्रावर मात्र आजचा ब्राउझर या उपायांनाही पुरून उरतो. तिथे ‘सुडो डीएमआयडीकोड -टी मेमरी’ ही आज्ञा देऊन रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा आहे का ते बघा. असला, तर जुन्या बाजारातून त्याच जातीची पट्टी आणून बसवा.