माश्या मारणारी माशी

रिकामटेकड्या माणसासाठी माझ्या आजीचा एक ठरलेला प्रश्न असे. दुपारी ओसरीवर लोळत पडलेल्या नातवाजवळून जाता जाता ती विचारायची, ‘‘किती मारल्यास रे आज?’’ ‘माश्या’ हा शब्द उच्चारायचीही गरज नसे. माश्या मारत बसणं म्हणजे काहीच न करणं, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस गच्चीवर, टोमॅटोला आधार म्हणून रोवलेल्या काठीच्या टोकावर, मला अगदी तेच काम करणारा एक जीव भेटला. आजी असती तर तिच्या प्रश्नाला पहिल्यांदाच खरा आकडा मिळाला असता.

गंमत म्हणजे तो जीव स्वतः माशीच होता. अंग सडपातळ, पोट मागे निमुळतं, पाय लांब आणि काटेरी. डोकं बहुतेक डोळ्यांनीच भरलेलं. बराच वेळ ती हललीच नाही, फक्त डोकं या बाजूचं त्या बाजूला वळत होतं. मग वरून काहीतरी बारीक उडत गेलं, काठीचं टोक रिकामं झालं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत माशी पुन्हा त्याच टोकावर. आता तिच्या पायांच्या पिंजऱ्यात घरमाशी होती, आणि ती धडपडतसुद्धा नव्हती.

इंग्रजीत हिला ‘रॉबर फ्लाय’ म्हणतात, आपण दरोडेखोर माशी म्हणू. ऑस्ट्रेलियात ‘असॅसिन फ्लाय’, म्हणजे मारेकरी माशी, हे नाव जास्त चालतं आणि तेच मला पटतं. दरोडेखोराने निदान जिवंत सोडण्याची शक्यता असते. या कुळाचं शास्त्रीय नाव असिलिडी. जगभरात त्याच्या साडेसात हजारांहून अधिक जातींची नोंद आहे. काही जेमतेम तीन मिलिमीटरच्या, तर काही माणसाच्या बोटाएवढ्या. प्रौढ माशी आणि तिची अळी, दोघीही शिकारी. काही जातींच्या अळ्या जमिनीत राहून भुंगेऱ्यांच्या अळ्या खातात. हुमणीने ऊस गमावलेल्या शेतकऱ्याला या पंगतीचं मोल वेगळं सांगायला नको.

हिच्या तोंडावर राठ केसांचा झुपका असतो. शास्त्रज्ञ त्याला ‘मिस्टॅक्स’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्द, अर्थ सरळ मिशी. आपण मिशीला पीळ देतो, ही मिशीने डोळे सांभाळते. पकडलेली गांधीलमाशी किंवा मधमाशी मरणापूर्वी जे हातपाय झाडते, नांगीचे वार करू पाहते, ते या केसांच्या ढालीवर अडतात. तेवढ्या वेळात माशीची सुईसारखी सोंड भक्ष्याच्या अंगात शिरलेली असते. सोंडेतून जी लाळ जाते ती एकाच वेळी विषही असते आणि पाचकरसही. आधी मज्जातंतू लुळे पडतात, मग आतला ऐवज विरघळतो, मग तो प्यायचा. हे विष कोळ्याचं किंवा विंचवाचं उसनं नव्हे, या कुळाने ते स्वतंत्रपणे घडवलं आहे. 2018 साली त्यातल्या विषद्रव्यांच्या एका गटाला ‘असिलिडिन’ असं नावही मिळालं.

पण विषापर्यंत पोचायला आधी भक्ष्य हाती यावं लागतं, तेही हवेत. उडत्या माशीला हाताने पकडण्याचा प्रयत्न आपण प्रत्येकाने कधी ना कधी केला आहे, त्याचा निकालही सर्वांना माहीत आहे. केंब्रिज विद्यापीठातल्या पालोमा गोन्झालेझ-बेयिदो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कोडं अमेरिकेतल्या होल्कोसेफाला या चिमुकल्या दरोडेखोर माशीवर सोडवलं. अंगाची लांबी सहा-सात मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी. संशोधकांनी मासेमारीच्या दोऱ्यात बारीक मणी ओवला, मोटर लावून तो माशीच्या डोक्यावरून पळवला आणि वेगवान कॅमेरे लावून बसले. माशी मण्यामागे फसून झेपावली, आणि तिचं गणित पकडलं गेलं.

ती भक्ष्याच्या मागे लागत नाही, भक्ष्य जिथे पोचणार आहे तिथे जाते. नियम असा, की भक्ष्याकडे पाहण्याची दिशा बदलू द्यायची नाही. समुद्रावरच्या खलाशांना हा नियम उलट बाजूने पाठ असतो : दुसरं जहाज जवळ येत असूनही एकाच दिशेला दिसत राहिलं, तर टक्कर ठरलेली. खलाशी ती टाळतो, माशी घडवून आणते. शेवटच्या सुमारे तीस सेंटिमीटरवर आली की ती आपला वेग आवरते, भक्ष्याच्या चालीशी चाल जुळवते आणि मागून अलगद कवळते. 2017 साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. त्यात डोळ्यांचाही हिशेब होता. संयुक्त डोळ्याच्या समोरच्या भागातली भिंगं आसपासच्या भिंगांपेक्षा खूप मोठी असतात, त्यामुळे तेवढ्या पट्ट्यातली तिची नजर तिच्याहून दहापट मोठ्या चतुराच्या तोडीची ठरते. माशीच्या मेंदूचा आकार डोळ्यांसमोर आणा आणि मग आपल्या गाडीतल्या नेव्हिगेशनचं कौतुक करा.

आता एका नव्या माशीकडे येतो. जुलै 2020 मध्ये, सगळं जग तोंडाला फडकं बांधून बसलेलं असताना, ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या राष्ट्रीय संशोधन संस्थेने वर्षभरात नामकरण केलेल्या 165 नव्या जातींची यादी जाहीर केली. मासे दोन, पक्षी तीन, कोळीवर्गीय माइट चार, वनस्पती पाच आणि कीटक 151. बातमी झाली ती पाच दरोडेखोर माश्यांची, कारण त्यांना मार्व्हल कॉमिक्सच्या मंडळींची नावं मिळाली होती. सोनेरी अंगाची ‘डॅप्टोलेस्टिस ब्रॉन्टेफ्लेव्हस’, म्हणजे सोनकेशी गडगडाट, ही थॉरची. ‘इल्युसिओलॉटस’, देखणा चकवा, ही लोकीची. ‘फेमिनाटेगस’, कातडी पोशाखातली स्त्री, ब्लॅक विडोची. डेडपूलच्या वाट्याला तर अख्ख्या प्रजातीचं नाव आलं, ‘ह्युमोरोलेथालिस’. लॅटिनमध्ये ओलं आणि मृत हे दोन शब्द जोडून केलेला तो ‘डेड पूल’चा कसाबसा अनुवाद आहे. शब्दांचा असा खेळ आपल्याकडच्या शास्त्रींनाही आवडला असता.

पाचवी ‘डॅप्टोलेस्टिस लीआय’. मार्व्हलचे लेखक स्टॅन ली नोव्हेंबर 2018 मध्ये गेले, त्यांच्या नावाची ही माशी. का, तर हिचे डोळे गडद, जणू गॉगल चढवलेला, आणि खाली पांढरी मिशी, थेट त्यांच्यासारखी. बातम्या तेवढ्यावर हसून पुढे गेल्या. मला मात्र तो विनोद तिथेच सोडवेना, कारण ती मिशी म्हणजे तोच मिस्टॅक्स. तिचा रंग, दाटी, केस चेहऱ्याच्या किती भागावर पसरले आहेत, यावरून तज्ज्ञ एक जात दुसरीपासून वेगळी काढतात. ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांनी चेष्टा करता करता ओळखीची खूण नावातच गुंफून ठेवली.

दुसरा योगायोग आणखी मजेचा आहे. स्पायडर-मॅन कसा सुचला, हे स्टॅन ली आयुष्यभर सांगत आले : भिंतीवरून चालणारी एक माशी दिसली आणि भिंतीला चिकटणारा नायक डोक्यात आला. आपण हे इतक्या वेळा सांगितलंय की कदाचित ते खरंही असेल, अशी पुस्तीही ते जोडत. स्पायडर-मॅन छापून आला 1962 साली. त्याच 1962 साली फ्रँक हल या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने जगभरच्या दरोडेखोर माश्यांवरचा आपला अवाढव्य ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि ‘डॅप्टोलेस्टिस’ ही प्रजाती हलच्याच नावावर आहे. भिंतीवरच्या माशीचं देणं असं साठेक वर्षांनी फिटलं.

नवी जात ‘सापडली’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टोपी घातलेला, जाळी घेऊन रानात धावणारा माणूस येतो. तोही असतोच. शिवाय मलेझचा सापळा असतो. रेने मलेझ या स्वीडिश संशोधकाच्या लक्षात आलं होतं, की तंबूत शिरलेले किडे वरच्या कोपऱ्याकडे जातात. 1934 च्या ब्रह्मदेशाच्या मोहिमेत त्याने तंबूचाच सापळा केला, वरच्या कोपऱ्यात बाटली लावून. आजही जगभरच्या माश्या त्याच युक्तीला फसतात. पण बाटलीत पडलेली माशी ही नवी जात नसते. ती नुसती माशी असते.

जात घडते टेबलाशी. टाचणीवर चढवलेल्या माशीखाली नखाएवढी चिठ्ठी असते : कुठे मिळाली, कोणत्या दिवशी, कोणाला. चिठ्ठी हरवली तर माशी संपली, मग ती कितीही दुर्मीळ असो. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक अवयव मोजायचा. पंखांवरच्या शिरा कुठे मिळतात, पायावर काटे किती, मिशी कशी. पुष्कळदा बाहेरून दोन जाती हुबेहूब दिसतात आणि फरक असतो तो नराच्या जननांगांत. त्यासाठी पोटाचं टोक कापून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ करायचं, स्वच्छ करायचं आणि त्याची चित्रं काढायची. मग जुन्या ग्रंथांतली वर्णनं, दूरदूरच्या संग्रहालयांतले मूळ नमुने आणि मिळाला तर डीएनए, या सगळ्यांशी ताडून पाहायचं. दीडशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये बसलेल्या कोणी त्रोटक चार ओळींत हिचं वर्णन करून ठेवलेलं नाही ना, ही धास्ती शेवटपर्यंत असते. खात्री पटली की एक नमुना ‘होलोटाइप’ म्हणून निवडायचा. इथून पुढे त्या नावाचा वाद झाला, तर दाखवायला तो एकच देह. सोन्याच्या तोळ्याला जसं प्रमाण वजन, तसा हा.

हे काम ‘लीआय’साठी केलं इझाबेला रॉबिन्सन, शुआनकुन ली आणि डेव्हिड येट्स यांनी, कॅनबेराच्या राष्ट्रीय कीटकसंग्रहात. तिथे सव्वा कोटीच्या घरात नमुने आहेत आणि त्यातल्या कित्येकांची चिठ्ठी अजून बिननावाची आहे. कपाटात किती वाट पाहावी लागते, याची गणती फ्रेंच संशोधकांनी 2012 साली केली होती. जीव पहिल्यांदा हाती लागल्यापासून त्याचं शास्त्रीय नाव छापून येईपर्यंत सरासरी एकवीस वर्षं जातात. ऑस्ट्रेलियातल्याच एका सोनेरी पोटाच्या गोमाशीला गायिका बियॉन्सेचं नाव 2011 मध्ये मिळालं. ती माशी पकडली होती 1981 मध्ये, म्हणजे बियॉन्से जन्मली त्या साली. नाव मिळेपर्यंत माशी खोक्यात आणि बाई जगप्रसिद्ध.

अशी नावं उथळ आहेत असं म्हणणारे तज्ज्ञ आहेत. मला तसं वाटत नाही. 2019-20 च्या वणव्यांत ऑस्ट्रेलियाची प्रचंड जंगलं जळाली. तिथे कोण होतं, कोण परत आलं, हे सांगायचं तर आधी त्याला नाव हवं. बिननावाच्या जिवाची ना हानी मोजता येते ना परतणं. लोकांनी त्या यादीकडे पाहावं म्हणून गॉगलची आणि मिशीची मदत झाली, तर बिघडलं काय? आणि नाव नेहमी गमतीचंच असतं असंही नाही. ठाणे-कल्याण परिसरात मिळालेल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याचं 2021 साली ‘इशियस तुकारामी’ असं नामकरण झालं. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईवरच्या हल्ल्यात गोळ्या झेलत दहशतवादी कसाबला धरून ठेवणारे सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे, त्यांच्या स्मरणार्थ. झेप घेऊन पकडलेलं न सोडणारा तो कोळीही एक इवलासा शिकारी.

दरोडेखोर माश्या आपल्याकडेही भरपूर आहेत आणि पाहायला कुठे लांब जावं लागत नाही. पाऊस ओसरला आणि ऑक्टोबरचं ऊन पडलं, की शेताच्या बांधावर, कुंपणाच्या तारेवर, वाळक्या काटकीच्या टोकावर त्या बसलेल्या दिसतात. काही जाती गांधीलमाशीचं सोंग घेतात. हायपरेकिया नावाच्या काही तर काळ्या धिप्पाड भुंग्यासारख्या दिसतात, आणि त्यांच्या अळ्या लाकूड पोखरणाऱ्या त्याच भुंग्यांच्या घरात वाढून त्यांचीच पोरं खातात. मधमाश्यांच्या पेट्या ठेवणाऱ्यांना त्या नकोशा वाटतात, तेही खरं. माणसाच्या वाटेला मात्र त्या जात नाहीत. मुठीत धरली तर चावेल, आणि ती चूक मुठीची.

पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, पण माश्यांचा अभ्यास करणारी माणसं सगळ्या देशात मोजकीच. सह्याद्रीतल्या कुठल्या काटकीवर बिननावाची जात बसली आहे, हे पाहायला ती पुरी पडणार नाहीत. तेव्हा वाचकांना एवढीच विनंती : एखाद्या सुट्टीत बागेत किंवा बांधावर उन्हाच्या जागी एक वाळकी काठी रोवून ठेवा आणि थोडा वेळ निवांत बसा. माशी आली तर फोटो बाजूने एक आणि चेहऱ्याचा एक काढा, मिशी स्पष्ट दिसली पाहिजे. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना गावाचं नाव आणि तारीख विसरू नका.