दोन दात्यांमधलं तेल

गाडीच्या अ‍ॅव्हरेजची चर्चा निघाली की इंजिन, टायरमधली हवा, ड्रायव्हरचा उजवा पाय, सगळ्यांचा उद्धार होतो. गिअरबॉक्सच्या तळाशी पडून असलेल्या दोनेक लिटर तेलाचं नाव मात्र कोणी काढत नाही.

गिअरचे दोन दाते एकमेकांना टेकतात ती जागा जेमतेम रेघेएवढी. तिथला दाब हवेच्या दाबाच्या दहा हजार पटींच्या घरात जातो. तिथून तेल पार पिळून निघायला हवं. १९१६ साली मार्टिन यांनी गणित मांडलं, तर तेलाचा थर इतका पातळ निघाला की पोलादाच्या खडबडीत पृष्ठभागापुढे त्याचा काही टिकावच लागू नये. प्रत्यक्षात मात्र पुष्कळ चाललेल्या गिअरच्या दात्यांवरही कारखान्यातल्या कटरच्या खुणा शाबूत दिसत. मग दाते वाचत होते कशाने?

दाब वाढला की द्रव झपाट्याने दाटतो, हे कार्ल बारस यांनी १८९३ मध्येच दाखवलं होतं. शिवाय पोलादही किंचित चेपतं. या दोन्ही गोष्टी एकत्र धरून डाउसन आणि हिगिन्सन यांनी १९५९ मध्ये हिशेब केला, आणि थर टिकतो कसा ते उलगडलं. मायक्रॉनहून पातळ असा तो थर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ जवळजवळ काचेसारखा घट्ट होतो, आणि दाते सुटताच पुन्हा वाहू लागतो!

पण दात्यांमध्ये तारणारा हाच दाटपणा बाकी सगळीकडे नडतो. फिरणारे गिअर ते तेल सतत घुसळत राहतात आणि त्यात इंधन खर्ची पडतं. मेकॅनिकच्या साध्या ‘नव्वद नंबर’ ऑइलपेक्षा ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक गारठ्यात पातळ राहतं. गरम झाल्यावर दोन्ही साधारण सारखीच.

फायदा किती? कारमधलं सुमारे एक तृतीयांश इंधन घर्षणात जातं, असा होल्मबर्ग आणि सहकाऱ्यांचा २०१२ मधला अंदाज आहे. त्यात गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचा वाटा एकूण इंधनाच्या पाचेक टक्के. तेल बदलून त्यातला एखादा टक्का वाचला, तरी लिटरला वीस किलोमीटर देणारी गाडी दोनशे मीटर पुढे जाईल. त्याहून फार मोठी आश्वासनं देणाऱ्या बाटल्यांवर माझा तरी विश्वास नाही. आणि कंपनीने सांगितलेल्यापेक्षा पातळ तेल भरलं, तर तो थरच तुटायचा.

बहुतेक गिअरबॉक्सना तेल तापवायची वेगळी सोय नसते. घुसळण्यात आणि घर्षणात जी ऊर्जा वाया जाते, मुख्यतः तिच्यावरच तेल हळूहळू तापतं. कोपऱ्यावरून भाजी आणण्यापुरती गाडी काढली, तर ते तापायच्या आतच आपण घरी परतलेले असतो.