हळदीच्या बाजारात मास्क

मार्च ते मे हे वसमतच्या मोंढ्यात हळद येण्याचे दिवस. कोरोनामुळे आलेली 2020 ची टाळेबंदी आणि 2021 ची दुसरी लाट, दोन्ही नेमक्या याच दिवसांत आल्या. माल तर विकायलाच हवा, मग बाहेर पडायचं कसं, ही धास्ती घरोघरी होती.

धुळीसाठी तोंडाला रुमाल बांधायची सवय हमालांना आधीपासूनच असते. पण विरळ विणीच्या रुमालातून बोलताना, खोकताना उडणारे बारीक तुषार आरपार जातात. एन-95 मास्क 0.3 मायक्रॉनचे किमान 95 टक्के कण अडवतो. मात्र तो नाकावर घट्ट बसला पाहिजे. लिलावात बोली ऐकू जावी म्हणून लोक मास्क हनुवटीवर ओढायचे आणि मोठ्यानं बोलायचे. तुषार जास्त उडतात ते तेव्हाच!

मोकळ्या ओट्यापेक्षा दार लावलेली खोली किंवा काचा बंद केलेली जीप जास्त धोक्याची. पिशव्या धुण्यात लोकांनी फार जीव आटवला. पण वस्तूंवरून लागण क्वचितच होते. साबणानं मात्र विषाणूचं स्निग्ध आवरण फुटतं, म्हणून हात धुवावेतच.

हळदीचं दूध जरूर प्यावं, पण त्यानं कोरोना टळत नाही. हे वसमतमध्ये सांगणं मला फार गरजेचं वाटतं.