नाशिकच्या सडकेवरील एक पक्ष

पुण्याहून नाशिकच्या सडकेनें निघालें म्हणजे चाकण व खेड मागें पडून आंबेगांव तालुक्यांतील मंचर लागतें, आणि पुढें जुन्नर तालुक्यांतील नारायणगांव. हा सारा मुलूख कांद्याचा. कांदा महाग झाला कीं आपल्या घरांत त्याची चर्चा लागलीच सुरू होते. बराखींत भरून ठेवलेला कांदा मातीमोल विकला गेला, तर त्याची वार्ता मात्र माजघरापर्यंत येत नाहीं. स्वतंत्र भारत पक्षाचें मूळ या न पोंचणाऱ्या वार्तेंत आहे.

त्याचे संस्थापक कै. शरद जोशी १९३५ सालीं सातारा येथें जन्मले. टपालखात्यांतील अधिकार, पुढें स्वित्झर्लंडांत बर्न येथें जागतिक टपाल संघटनेंत नोकरी, हें सर्व सोडून ते चाकणजवळ आंबेठाणास कोरडवाहू जमीन कसूं लागले. असा वेडेपणा आपल्या पांढरपेशा वर्गांत विरळाच! शेतीचा जमाखर्च मांडतां त्यांना दिसलें कीं, पीक उत्तम येऊनहि पदरीं तोटाच पडतो. १९७९ सालीं चाकण येथें शेतकरी संघटना निघाली, आणि कांद्याच्या भावासाठीं शेतकरी याच सडकेवर येऊन बसले. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही त्यांची घोषणा होती.

१९९४ सालीं काढलेल्या पक्षाचा हेतु याच विचारांतून आलेला आहे. शेतकऱ्याचें दारिद्र्य हा दैवाचा कोप नसून सरकारी धोरणाचें फळ होय. निर्यातबंदी, लेव्ही, सांठ्यावरील मर्यादा हीं बंधनें काढावीं, आणि सरकारनें व्यापारांतून अंग काढून घ्यावें. राजाजींनीं १९५९ सालीं स्थापिलेल्या स्वतंत्र पक्षाशीं हें नातें उघड आहे. गंमत अशी कीं, १९८९ पासून कोणत्याहि पक्षास नोंदणीकरितां समाजवादावर निष्ठा लिहून द्यावी लागते! राज्यसभेचे सभासद असतांना (२००४ ते २०१०) जोशींनीं तो शब्द गाळण्याचें विधेयक आणलें. शब्द अद्यापि कायद्यांत आहे.

मोकळ्या बाजारावर इतका भरंवसा आम्हांस ठेववत नाहीं. नाशवंत माल घेऊन उभा असलेला शेतकरी व्यापाऱ्यापुढेंहि दुबळाच असतो. परंतु ‘लक्ष्मीमुक्ती’च्या चळवळींत याच मंडळींनीं गांवोगांव पुरुषांकडून बायकोच्या नांवें जमीन करून घेतली. स्त्रीशिक्षणाचा अभिमान मिरविणाऱ्या आपल्या किती घरांच्या उताऱ्यावर सुनेचें नांव आहे?

निवडणुकींत पक्षास यश फारसें आलें नाहीं. जोशी २०१५ सालीं वारले. ८ डिसेंबर २०२३ रोजीं कांद्याची निर्यात बंद झाली, ती ४ मे २०२४ रोजीं खुली झाली. म्हणजे उन्हाळी कांद्याच्या लागणीच्या वेळीं दार मिटलें, तें काढणी सरत आल्यावर उघडलें, आणि तेंहि ४० टक्के निर्यातकरासह. तो कर पुढें निम्म्यावर आला, व पुरता उठावयास १ एप्रिल २०२५ उजाडला.