आधी ओळखा, अडलंय कुठे

घरातला संगणक : भाग ६

‘बटण दाबलं की पंखा फिरतो, पण डिस्प्ले येत नाही.’ पावसाळ्यात मीरा रोड किंवा भाईंदरच्या कुठल्याही कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं, तर ही तक्रार कानावर पडतेच. त्यावर पुष्कळदा ठरलेलं उत्तर मिळतं : ‘ठेवून जा, फॉरमॅट मारावा लागेल.’ या उत्तराला मान डोलावू नका, एवढ्यासाठी आजचा भाग आहे.

फॉरमॅट मारणं म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकणं. आणि डिस्प्लेच येत नसेल, तर संगणक अजून डिस्कपर्यंत पोचलेलाच नसतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातली ही गत. यात पुसला जातो तो दुकानाचा टॅलीतला हिशेब, मुलीचा प्रोजेक्ट, आजोबांचे फोटो. मूळ बिघाड मात्र जागच्या जागी राहतो.

बटण दाबल्यापासून विंडोज समोर येईपर्यंत संगणक चार टप्पे ओलांडतो : वीज, स्वतःची तपासणी, डिस्कचा शोध आणि शेवटी विंडोज. हा क्रम कधीही बदलत नाही. म्हणून गाडी कुठवर आली ते कळलं, की निम्मं निदान झालं.

पहिला टप्पा : वीज

बटण दाबल्यावर दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही. अशा वेळी आधी कॅबिनेट उघडू नका. भिंतीतल्या त्याच सॉकेटवर टेबल लॅम्प लावून बघा. मग यूपीएस बाजूला ठेवा आणि संगणकाची वायर थेट सॉकेटला जोडा. घरगुती यूपीएसमधली बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते. त्याचा हिरवा दिवा लागतो, पण भार आला की तो माघार घेतो आणि दोष उगाच संगणकावर येतो. कॅबिनेटच्या मागे एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याचा, छोटा स्विच असतो, तोही बघा. साफसफाई करताना तो नकळत बंद झालेला असतो.

एवढं करूनही काही हललं नाही, तर संशय समोरच्या बटणावरही घ्यावा. त्याच्या दोन बारीक वायरी मदरबोर्डवरच्या दोन पिनांवर बसवलेल्या असतात. त्या जागी रीसेट बटणाच्या वायरी लावा आणि रीसेट दाबा. संगणक चालू झाला, तर एसएमपीएस आणि बोर्ड शाबूत आहेत, बिघडलंय ते फक्त बटण.

एसएमपीएसचं काम म्हणजे घरातल्या २३० व्होल्टच्या विजेतून १२, ५ आणि ३.३ व्होल्टची स्थिर डीसी वीज काढणं. ती स्थिरावली, की एसएमपीएस मदरबोर्डला ‘पॉवर गुड’ हा संकेत देतो, आणि तोवर प्रोसेसरला सुरूच होऊ दिलं जात नाही. १२ व्होल्टची वायर मल्टिमीटरवर ११.४ ते १२.६ च्या दरम्यान दिसायला हवी. ती त्याखाली घसरत असेल, तर संगणक मध्येच बंद पडतो किंवा परत परत रीस्टार्ट होत राहतो. एक ताकीद मात्र पाळाच : एसएमपीएसचा डबा घरी उघडायचा नाही. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि वायर काढल्यावरही ते काही काळ तिथेच असतात.

दुसरा टप्पा : तपासणी

पंखे फिरतात आणि स्क्रीन काळीच राहते, तेव्हा घोडं बहुतेक इथे अडलेलं असतं. वीज मिळाल्यावर बायॉस, म्हणजे बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर, आधी प्रोसेसर, रॅम आणि डिस्प्ले यांची हजेरी घेतं. या तपासणीला पोस्ट म्हणतात. कुणी गैरहजर असेल, तर बोर्ड बीप वाजवून सांगतो. थांबून थांबून येणारे लांब बीप बहुधा रॅमकडे बोट दाखवतात, तर एक लांब आणि मागोमाग दोन-तीन छोटे बीप ग्राफिक कार्डाकडे. कंपनीप्रमाणे अर्थ बदलतो, म्हणून बोर्डाच्या पुस्तिकेशी ताडून बघावं. अलीकडच्या अनेक बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशी नावं लिहिलेले चार बारीक दिवे असतात. त्यातला जो पेटून राहतो, तिथे अडलंय.

आपल्या शहरात यातला पहिला संशयित रॅम, आणि त्याचं कारण इथल्या हवेत आहे. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, आणि आसपास मिठागरं. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि हवा खारी. रॅमच्या पट्टीच्या खालच्या कडेला सोनेरी संपर्क असतात. सोनं गंजत नाही, पण हा मुलामा अतिशय पातळ असतो. त्यातल्या सूक्ष्म छिद्रांमधून खालचं निकेल आणि तांबं खाऱ्या ओलाव्यात गंजू लागतं. त्यावर धूळ बसली, की संपर्क कधी होतो, कधी होत नाही. आदल्या दिवशी चाललेला संगणक दुसऱ्या दिवशी चालत नाही, तो असा.

हे काम घरी करता येतं. भिंतीतली वायर काढा, मग पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. मागचे दोन स्क्रू काढून डावीकडचं झाकण सरकवा. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवा. रॅमच्या टोकाचे चाप बाहेर ढकला, पट्टी वर येईल. ती कडेनं धरून उजेडात तिरकी करा. चांगले संपर्क सरळ झळकतात. आजारी पट्टीवर मळकट काळसर पट्टा किंवा हिरवट ठिपके दिसतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या स्वच्छ कापडानं ते पुसा. ते हाताशी नसेल, तर पांढरं कोरं खोडरबर अगदी हलक्या हातानं फिरवा. घासाघासी केली, तर मुलामाच निघून जाईल. रबराचा कण स्लॉटमध्ये राहू देऊ नका. खाच जुळवून पट्टी बसवा आणि चाप टक् असा वाजेपर्यंत दोन्ही टोकं दाबा. आवाज आला नाही, तर पट्टी नीट बसलेली नाही. दोन पट्ट्या असतील, तर एकेक लावून बघा. डीडीआर५ रॅमच्या नव्या संगणकावर रॅम बदलल्यावर पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते, त्यामुळे तिथे धीर धरा.

रॅम ठीक असेल, तर आणखी दोन गोष्टी बघा. प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची वीजजोडणी सुटलेली असली, तरी पंखे फिरतात आणि डिस्प्ले येत नाही. आणि वेगळं ग्राफिक कार्ड असेल, तर मॉनिटरची केबल त्या कार्डाला लावलेली आहे ना? इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावापुढे एफ असतं, त्यांच्यात अंगचं ग्राफिक नसतं. केबल बोर्डाला लावली, तर काहीच दिसणार नाही.

तिसरा टप्पा : डिस्क

कंपनीचं चिन्ह दिसलं आणि मग काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ अशा अर्थाची ओळ आली, तर वीज, रॅम आणि डिस्प्ले निर्दोष सुटले. आधी लावून राहिलेला पेनड्राइव्ह काढा. मग डिस्कच्या दोन्ही वायरी, डेटाची आणि विजेची, काढून पुन्हा बसवा. घड्याळ दर वेळी जुनी तारीख दाखवत असेल, तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय. नावातच त्याचं माप आहे, २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. तो मेला, की बायॉस आपल्या नोंदी विसरतं आणि कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं हेही विसरू शकतं. सेल बदला, तारीख लावा, बूटचा क्रम तपासा. थोडक्या पैशांचं काम आहे.

डिस्कमधून टक-टक असा ठरावीक लयीत आवाज येत असेल, तर मात्र संगणक लगेच बंद करा. तो आवाज आतल्या यांत्रिक बिघाडाचा असतो, आणि प्रत्येक नव्या प्रयत्नाबरोबर डेटा परत मिळण्याची शक्यता घटत जाते.

चौथा टप्पा : विंडोज

विंडोजचं चिन्ह येऊन गोल फिरतच राहतं किंवा निळी स्क्रीन येते, तेव्हा दोष सॉफ्टवेअरचा असण्याची शक्यता मोठी. इथेही पहिला उपाय फॉरमॅट नाही. १९ जुलै २०२४ ची घटना याचा सर्वांत मोठा पुरावा आहे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या स्क्रीनवर अडकले. भारतातही विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन सदोष फाइल काढून टाकणं. डिस्क पुसायची गरजच नव्हती.

तुमच्या घरीही तोच रस्ता खुला आहे. विंडोज लागोपाठ दोनदा सुरू होण्यात अपयशी ठरली, की सहसा दुरुस्तीचा निळा मेनू स्वतःहून समोर येतो. त्यात ट्रबलशूटमधून अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जा. क्रम असा ठेवा : आधी स्टार्टअप रिपेअर, मग अनइन्स्टॉल अपडेट्स, मग सिस्टिम रिस्टोर, मग सेफ मोड. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ या पर्यायाला हात लावू नका. काही संगणक इथे बिटलॉकरची, म्हणजे विंडोजनं डिस्कला घातलेल्या कुलपाची, ४८ आकडी किल्ली मागतात. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. संगणक धडधाकट असतानाच ती शोधून कागदावर उतरवून ठेवा.

एवढ्यानंही जमलं नाही, तरी फायली हातच्या गेलेल्या नसतात. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून त्या बाहेर काढता येतात, किंवा डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडता येते. हे सगळं झाल्यावर विंडोज नव्यानं टाकायला हरकत नाही.

पाणी शिरलं तर

आपल्याकडे सखल भागांतल्या तळमजल्यांत पावसाचं पाणी शिरतं. कॅबिनेट भिजलं असेल, तर ‘चालतो का बघू’ म्हणून बटण दाबू नका. ओल्या बोर्डात वीज गेली, की वाचणारे भागही जळतात. वायर काढा आणि तसंच दुरुस्तीला न्या. एरवीही कॅबिनेट जमिनीवर नको, हातभर उंच स्टूलवर असू द्या.

दुकानात जाण्याआधी

या चारही टप्प्यांना एक नियम लागू आहे : एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलून संगणक चालू झाला, तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही आणि चांगला भाग भंगारात जातो.

दुकान मीरा रोडचं असो की लॅमिंग्टन रोडचं, जाताना एका कागदावर चार ओळी लिहून न्या : काय दिसतं, काय ऐकू येतं, कुठल्या टप्प्यावर थांबतं, काय करून बघितलं. चांगला कारागीर त्या कागदाला मान देतो, कारण त्याचाही वेळ वाचतो. आणि संगणक ठेवून घेताना मिळणाऱ्या पावतीवर एक वाक्य लिहून घ्याच : ‘विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये.’ संगणकाचा प्रत्येक भाग बाजारात पुन्हा मिळतो, त्यातला तुमचा डेटा मिळत नाही.

पुढच्या भागात : कमी खर्चात घरचा बॅकअप कसा ठेवायचा. तोवर एखादा रिकामा पेनड्राइव्ह शोधून ठेवा.