परत आलेल्या ई-पत्राची साक्ष

परगावाहून पाठविलेले ई-पत्र ज्या सहकाऱ्यास बिनचूक पोचते, त्याच सहकाऱ्यास शेजारच्या खोलीतून पाठविलेले पत्र ‘असा पत्ता आढळत नाही’ या शेऱ्यासह परत यावे, हा अनुभव प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटतो. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज व आउटलुक यांच्या जुन्या आवृत्त्या वापरणाऱ्या कार्यालयांत तो विशेष परिचयाचा होता. त्याची कारणमीमांसा प्रस्तुत लेखात करावयाची आहे.

परतीच्या सूचनेतील अंक हेच पहिले प्रमाण होय. १९९६ साली मांडलेल्या आणि २००३ मध्ये सुधारलेल्या संकेतानुसार तीन अंकांपैकी पहिला ४ असल्यास अडचण तात्पुरती, ५ असल्यास कायमची समजावी. दुसरा अंक अडचणीचे क्षेत्र सांगतो : १ म्हणजे पत्ता, २ म्हणजे टपालपेटी, ४ म्हणजे जाळे व मार्ग. म्हणून ५.२.२ म्हणजे पेटी भरलेली, ५.१.१ म्हणजे पत्ताच चुकीचा.

परंतु पत्ता तर डोळ्यांना अचूक दिसतो. मग चूक कोठे? एकाच संस्थेतील पत्रव्यवहारासाठी एक्स्चेंज दृश्य पत्त्याऐवजी प्रत्येक पेटीस दिलेले एक अंतर्गत नाम वापरते. आउटलुक हेच नाम आपल्या स्मरणसूचीत जपते. २००३ व २००७ च्या आवृत्त्यांत ही सूची वापरणाऱ्याच्या संगणकावर ‘एनके२’ फाइलीत असे. पेटी काढून नव्याने उभारली, की अंतर्गत नाम बदलते. सूचीत मात्र जुनेच राहते. बाहेरचे पत्र दृश्य पत्त्यावर येत असल्याने ते सुखरूप पोचते. परतीच्या सूचनेत ‘आयएमसीईएईएक्स’ या अक्षरांनी आरंभ होणारी लांबलचक ओळ आढळल्यास हे निदान बहुधा पक्के समजावे.

उपाय दोन आहेत. नावाची आद्याक्षरे लिहिताच दिसणारी जुनी नोंद बाणाच्या कळीने निवडून डिलीट कळीने पुसावी व नाव संस्थेच्या पत्तासूचीतून पुन्हा घ्यावे. तथापि जुन्या पत्रांतही तेच नाम कोरलेले असल्याने त्यांना दिलेली उत्तरे परत येतच राहतात. म्हणून व्यवस्थापकाने जुने नाम नव्या पेटीस ‘एक्स ५००’ प्रकारचा जोडपत्ता म्हणून द्यावे, हा मूलगामी उपाय होय.

तात्पर्य, ‘पत्ता नाही’ या शेऱ्यावरून ‘व्यक्ती नाही’ असे अनुमान काढणे सदोष होय. दोष पुष्कळदा पत्र घेणाऱ्याकडे नसून पाठविणाऱ्याच्या जुन्या स्मरणात असतो.