सोनार आणि देवमासे : एका शोधाची आठ वर्षं

देवमासे कळपाने किनाऱ्याला लागले, की बातमीत ‘कारण अद्याप अज्ञात’ असं हमखास छापून येतं. पुष्कळदा ते खरंही असतं. तमिळनाडूत मणप्पाडच्या परिसरात १९७३मध्ये शंभराहून जास्त पायलट व्हेल वाळूवर आले, २०१६च्या जानेवारीत त्याच पट्ट्यात पुन्हा ऐंशीच्या आसपास. नेमकं का, ते सिद्ध झालेलं नाही. पण १९९६ ते २००४ या काळात चोचीच्या देवमाशांच्या मरणाचा मात्र छडा लागला, आणि तो माणसापर्यंत येऊन पोचला.

१९९६च्या मे महिन्यात ग्रीसच्या किपारिसिया आखातात डझनभर देवमासे किनाऱ्यावर विखरून पडले. नाटोचं जहाज तेव्हा तिथे सोनारच्या, म्हणजे पाण्यात आवाज सोडून पाणबुड्या शोधणाऱ्या यंत्रणेच्या, चाचण्या घेत होतं. दोन वर्षांनी ‘नेचर’मध्ये हा संबंध मांडला गेला, पण शरीरातला पुरावा हाती नव्हता.

तो मिळाला बहामात. मार्च २०००मध्ये अमेरिकी नौदलाच्या सरावादरम्यान तिथे १७ प्राणी किनाऱ्याला लागले. त्यातला एक केन बाल्कम यांच्या घराजवळच. बाल्कम देवमाशांचे अभ्यासक, आणि पूर्वी त्याच नौदलात होते. जिवंत होते त्यांना त्यांनी पाण्यात लोटलं आणि मेलेल्यांची डोकी कापून फ्रीजरमध्ये जपली. त्या उन्हात थोडी दिरंगाई झाली असती, तर सगळं सडून गेलं असतं. तपासणीत कानांभोवती रक्तस्राव आढळला. पुढच्याच वर्षी नौदलाच्या सहभागाने निघालेल्या अहवालाने सोनारवर बोट ठेवलं. हे श्रेय बाल्कम यांच्या प्रसंगावधानाचं आहे.

सप्टेंबर २००२मध्ये कॅनरी बेटांवर पुन्हा नाटोचा सराव, पुन्हा १४ देवमासे. शवविच्छेदनात रक्तवाहिन्यांमध्ये वायूचे बुडबुडे सापडले. खोल पाण्यातून घाईने वर येणाऱ्या डायव्हरला होतो, तसाच हा विकार. हे देवमासे जवळजवळ तीन किलोमीटर खोल जाऊ शकतात. सोनारच्या आवाजाने बिथरले, की बुडी मारण्याची त्यांची लय मोडते आणि शरीर दगा देतं, असं शास्त्रज्ञांचं अनुमान आहे.

२००४मध्ये स्पेनने कॅनरी बेटांभोवती अशा सोनारला बंदी केली. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार, बंदीनंतर तिथे अशी एकही सामूहिक घटना घडलेली नाही. भूमध्य समुद्रातही हीच बंदी आणावी, अशी शिफारस हा आढावा घेणाऱ्या शास्त्रज्ञांनी केली आहे. उपाय लागू पडतो हे कॅनरीत दिसलेलं असताना ती शिफारस मान्य करायला कुठल्याही नौदलाने आणखी पुरावे मागू नयेत.